रिकाम्या हॉलमधली चाल

मी एक जुना, जाडजूड आणि जरासा तापट ॲम्प्लिफायर आहे. गिटारची वायर माझ्यात खुपसली की तारांचा बारीक आवाज मी साऱ्या हॉलभर पोचवतो. मला दोन स्पीकर आहेत, एक डावा आणि एक उजवा. दोन तोंडांचा म्हणून हसू नका, मित्रांनो. उभ्या आयुष्यात मी इथे एक आणि तिथे दुसरंच, असं कधी बोललेलो नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या पोटातल्या तारा हाताने एकेक करून जोडल्या. सुताराने प्लायवूडची पेटी केली आणि तिच्यावर काळं रेक्झिन चढवलं. आत काचेचे वॉल्व्ह बसवले. ते छोट्या दिव्यांसारखे लाल होतात आणि नीट तापल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यामुळे घाईच्या माणसांशी माझं कधी जमलं नाही.

दुकानात मला एका तरुणाने वाजवून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हाच. दुसरा दाखवूच नका." झालं, मी त्याचा झालो. त्याच्या ड्रमवाल्या मित्राने थट्टेने त्याला 'वस्ताद' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की सासरची माणसंही तेच म्हणू लागली. मीही वस्तादच म्हणतो.

काय दिवस होते ते! लग्नाचे हॉल, कॉलेजची मैदानं, हॉटेलातले छोटे मंच, कुठे म्हणून गेलो नाही? मला उचलायची वेळ आली की मात्र बँडमधल्या सगळ्यांच्या कंबरा एकदम धरायच्या. ड्रमवाला कुरकुरायचा, "वस्ताद, हा ॲम्प आहे की कपाट?" वस्ताद म्हणायचे, "उचल, उचल! मागच्या रांगेला आपण ऐकू येतो ते याच्यामुळेच." मी मनातल्या मनात फुगायचो.

कार्यक्रमात ते लोकांच्या आवडीची गाणी वाजवायचे. पण लोक यायच्या आधी, खुर्च्या मांडायचं काम चालू असताना, आवाज तपासायला म्हणून ते एक चाल वाजवत. ती त्यांची स्वतःची होती. हॉल भरू लागला की ती थांबायची. टाळ्या अनेक गाण्यांना मिळाल्या, त्या चालीला एकदाही नाही. मला विचाराल तर त्यांच्या हातून त्याहून गोड काही निघालं नाही.

पुढे काळ बदलला. खिशात मावतील एवढी यंत्रं निघाली, बँडमधली माणसं आपापल्या संसाराला लागली. मी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात गेलो. वहिनींनी, म्हणजे वस्तादांच्या बायकोने, माझ्यावर चादर घातली आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे रचले. शेवटी ड्रमवाल्याचंच खरं झालं म्हणायचं. घराचं रंगकाम काढलं तेव्हा रंगाऱ्याने मला असं काही ढकललं की मी डाव्या अंगावर आपटलो आणि डाव्या स्पीकरची तार आतून तुटली. कुणाला पत्ताच नाही. वस्ताद रोज गिटार छेडायचे, पण वायर न लावताच. मला चालू करतंय कोण?

मग वस्तादांच्या हातातला कप बशीवर वाजू लागला. डॉक्टर म्हणाले, हा कंप वाढत जाणार. औषधाने सकाळी थोडा वेळ हात स्थिर राहील, तोही किती दिवस ते सांगता येत नाही.

वस्तादांची लेक एका स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करते. ती धावत आली. "बाबा, ती चाल रेकॉर्ड करायची."

"कुठली चाल?"

"आवाज तपासायची."

"ती काय चाल आहे होय? तारा जुळल्यात का ते बघायला वाजवायचो मी."

"मग मला ती पाठ कशी झाली?"

तिने माझ्यावरची चादर ओढली. वस्ताद म्हणाले, "अगं, या धुडाला कशाला? कॉम्प्युटरवर मिळतो की असा आवाज."

"असा मिळतो. हा मिळत नाही," लेक म्हणाली. पोरगी गुणाची आहे, यात वादच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद मला अगदी खेटून बसले, डाव्या बाजूला. लेकीने माईक लावला. तिची कामाची एक सवय आहे. माईक नेहमी डाव्या स्पीकरसमोर, वीतभर अंतरावर, मधोमध नाही तर जरासा कडेला. वर्षानुवर्षांची सवय, हात आपोआप जातो. आणि माझा डावा स्पीकर तर मुका! अगं बाई, उजवीकडे ये, उजवीकडे! पण मी ओरडणार कसा? खोलीत बसलेल्याला उजव्याचा आवाज छान येत होता, त्यामुळे वस्तादांनाही कळलं नाही.

आतल्या खोलीत लेकीने हेडफोन लावला. आवाज लांबून, दबका येत होता. तिला वाटलं, म्हाताऱ्याचा घसा बसलाय. म्हातारा म्हणजे मी. एरवी तिने पुन्हा पुन्हा तपासलं असतं, पण हात स्थिर होता तोवर वाजवून घ्यायचं होतं. तिने माईकचा आवाज चढवला आणि हाक मारली, "बाबा, घ्या!"

आणि वस्तादांनी वाजवलं. एकही सूर चुकला नाही. संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. मला फार बरं वाटलं.

दुपारी लेकीने ते नीट ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने माझ्या डाव्या बाजूला कान लावला, मग उजव्या. "मेलेल्या स्पीकरला माईक लावला मी! नवशिकीसुद्धा असं करणार नाही!" म्हणत ती डोक्याला हात लावून बसली. दुसऱ्या सकाळी माईक उजवीकडे आला, पण हात काही स्थिर झाला नाही. तिसऱ्या सकाळीही नाही. बोटं तारेवरून घसरत होती. शेवटी वस्तादांनी गिटार पेटीत ठेवली. "राहू दे गं. तू काही मुद्दाम नाही केलंस." लेक ओक्साबोक्शी रडली. माझा तर संताप संताप होत होता, त्या रंगाऱ्यावर.

मग काही दिवसांनी तिने तेच फसलेलं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं. जे आहे ते आहे, म्हणाली. गिटार लांबून येत होती. आणि जवळून, अगदी कानाशी, कुणीतरी गुणगुणत होतं. आवाज चढवलेल्या माईकने समोरचं कमी आणि शेजारचं जास्त ऐकलं होतं.

"हे घोगरं काय आहे?" वस्ताद चपापले. "मी? मी गातो वाजवताना? शी! काढून टाक ते."

"खबरदार हात लावलास तर!" स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी लेकीला म्हणाल्या. त्यांचे हात पिठाचे होते आणि डोळे भरलेले होते. "अहो, तुमची गिटार साऱ्या गावाने ऐकली. हे मी एकटीने ऐकलंय, इथून, रोज. गिटार हातात असली की तुम्ही गुणगुणता, एरवी नाही. हात गेला तर हेही जाईल, म्हणून मला झोप नव्हती. तुम्हाला सांगू कशी? सांगितलं असतं तर लाजून बंद केलं असतं तुम्ही."

मग लेक उठली. तिने एक माईक आणला आणि गिटारची वायर लागते तिथे, माझ्यातच जोडला. माईक वस्तादांच्या पुढे धरला.

"मला कुठे गाता येतं?" वस्ताद म्हणाले.

"विचारलंय कुणी?" वहिनी म्हणाल्या.

वस्तादांनी डोळे मिटले आणि ती चाल गुणगुणली. गिटारशिवाय. हात मांडीवर थरथरत होता, आवाजही थोडा थरथरला, पण चाल पुरी झाली. आजवर मी तारांचा आवाज नेला होता, माणसाचा पहिल्यांदाच नेला. एकाच स्पीकरने, पण जीव ओतून.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी दाढी करताना, कपडे वाळत घालताना स्वतःशीच गुणगुणत असेल. त्यांना हसू नका आणि गप्पही करू नका. आपण गातो हे त्यांना ठाऊकच नसतं, म्हणून ते तुम्हालाच जपावं लागतं.

आमच्याकडे आता रोज सकाळी ती चाल होते. वहिनी मात्र ती स्वयंपाकघरातून ऐकत नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतात.