सँडबर्नच्या कपावरची जागा

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर संघाचे मॅनेजर पॅस्को विल्फला म्हणाले, "चल, जरा समुद्राकडे जाऊन येऊ."

विल्फ गॅरिटीनं आदल्याच दिवशी सँडबर्नचं टेनिसमधलं पुरुष एकेरीचं अजिंक्यपद जिंकलं होतं. रात्रीच्या मेजवानीचा अंमल अजून डोक्यातून पुरता उतरला नव्हता. पुढच्या आठवड्यातल्या सामन्यांचं काही असेल, असं त्याला वाटलं. बाकावर बसल्यावर पॅस्कोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नेल गेली, विल्फ. तुझ्या मेव्हण्याची तार आली. अपेंडिक्स फुटलं. दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता."

"कधी?"

"बुधवारी."

"तार कधी आली?"

पॅस्को समुद्राकडे बघत राहिले. "गुरुवारी संध्याकाळी."

म्हणजे त्यानंतर शुक्रवारचा उपांत्य सामना झाला, शनिवारचा अंतिम सामना झाला आणि मेजवानीही झाली. विजेत्यानं महिला विजेतीबरोबर पहिला नाच करायचा, ही तिथली रीत. विल्फ नाचला होता. मग खुर्चीवर चढून त्यानं मेंढ्या कातरणाऱ्यांचं एक चावट गाणंही म्हटलं होतं. तिकडे घरी त्याच्या बायकोला तोवर पुरलंसुद्धा असेल.

"आधी सांगितलं असतं तरी तू काय करणार होतास?" पॅस्को म्हणाले. "बोटीनं पाच आठवडे लागतात. आणि तू जिंकावंस हे तिलाच तर हवं होतं ना? मी छातीवर दगड ठेवून गप्प बसलो, पोरा."

"दगड माझ्या छातीवर ठेवलात," विल्फ म्हणाला आणि उठला.

ऑस्ट्रेलियाच्या संघाबरोबर खेळाडूंच्या बायकांनी यायचं नाही, असा असोसिएशनचा नियम होता. बायका आल्या की खेळातलं लक्ष उडतं, असं कमिटीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. त्यामुळे नेल धक्क्यावरूनच परत फिरली होती. जाताना म्हणाली होती, "या खेपेला कप आण बाबा. तुझ्या चमच्यांनी माझं कपाट भरलंय."

अंतिम सामना हरणाऱ्याला चांदीचा चमचा मिळायचा. विल्फनं जन्मभर चमचेच मिळवले होते. पाहुणे आले की नेल मुद्दाम तेच काढायची. "घ्या हो पुडिंग. भांडी कमी असतील आमच्याकडे, चमच्यांना तोटा नाही."

पण फुकटचा गुण तिला विषासारखा वाटे. घरामागचं कोर्ट दोघांनी मिळून केलेलं. वारुळाची माती फोडून, पसरून, रोलर फिरवून. गावच्या सामन्यांना नेल शिडीवर बसून पंचगिरी करायची. एकदा तिनं विल्फचाच चेंडू बाहेर दिला आणि तो कुरकुरला. "नवरा घरात," ती शिडीवरून ओरडली, "इथं बाहेर म्हणजे बाहेर!" सगळं गाव हसलं होतं. सामना संपला की मात्र तिला एकेक चेंडू ऐकायला हवा असे. कुठं मारलास, का मारलास, तो कुठं उभा होता. रात्रीचं जेवण त्यातच थंड व्हायचं.

खोलीत आल्यावर विल्फनं दुहेरीतला जोडीदार डिनी रोचला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

डिनी एरवी तोंडाचा फटकळ. आता बुटाची नाडी सोडत बसला, ती सुटेना. "होतं रे. पॅस्कोंनी शपथ घातली होती. काल तू गाणं म्हणत होतास ना, तेव्हा मी बाहेर जाऊन ओकून आलो."

"आणखी कोणाला?"

"आम्हाला सगळ्यांना. आणि त्या थॉर्नबरीला."

विल्फ जागच्या जागी उभा राहिला. "थॉर्नबरीला कशाला?"

"त्याच्या कानावर दुसरीकडून गेलं असतं तर तो नेटपाशी काहीतरी बोलून बसला असता. म्हणून पॅस्कोंनी आधीच सांगून ठेवलं."

थॉर्नबरी म्हणजे कालचा प्रतिस्पर्धी. पाचव्या सेटमध्ये तो चार-एकनं पुढे होता. तिथून त्याचे चेंडू रेषेबाहेर जायला लागले. एकदा तर दोन्ही सर्व्हिस जाळ्यात. विल्फला वाटलं होतं, त्याचा बॅकहँड आपल्याला सापडला. नेलला हे कसं सांगायचं, तेही त्यानं तिथंच मनात जुळवून ठेवलं होतं.

रविवारी क्लबात खेळ नसे. जाळी उतरवलेली होती. थॉर्नबरी व्हरांड्यात एकटाच बसला होता. विल्फला बघून तो धडपडत उठला.

"मिस्टर गॅरिटी, मला फार..."

"ते राहू दे. तू सामना सोडलास का?"

थॉर्नबरीचा चेहरा लाल झाला. "चार-एक होतं. टॉवेलनं तोंड पुसताना तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. त्यानंतर तुमच्यावर मला जोरात मारताच येईना."

"मुद्दाम?"

"दोन चेंडू मुद्दाम. बाकीचे... देवाशपथ, माझं मलाच सांगता येत नाही."

"कुठले दोन?"

"ते नका विचारू."

"मी नाही विचारणार. माझी बायको विचारील."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आपण काय बोललो. थॉर्नबरी खाली बघत पुटपुटला, "माझा हेतू वाईट नव्हता हो."

"तुझा हेतू चांगला. पॅस्कोंचा हेतू चांगला. इथं वाईट हेतूचा एक तरी माणूस भेटला असता तर मी नीट हरलो असतो. हरलो असतो आणि चमचा घेऊन घरी गेलो असतो."

त्यानं क्लबच्या सेक्रेटरीला गाठून कप परत घ्या म्हटलं. पण म्हातारा ऐकेना. पंचानं पुकारलेला निकाल बदलत नाही, म्हणाला. विजेत्यानं कप वर्षभर घरी ठेवायचा, आपलं नाव आपल्या सोनाराकडून कोरून घ्यायचं आणि परत पाठवायचा, हीच रीत.

विल्फ पहिल्या बोटीनं निघाला. मेव्हणा धक्क्यावर आला होता. त्यानं कपाची पेटी उचलली आणि म्हणाला, "शेवटी आणलास की! नेल गावभर मिरवली असती."

घरामागच्या कोर्टावर तण माजलं होतं. शिडी तशीच उभी होती. संध्याकाळी तो तिच्या थडग्यापाशी जाऊन बसला आणि सामना सांगायला लागला. पहिला सेट सांगितला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याच्या चार-एकपर्यंत आला आणि थांबला. पुढचे कुठले चेंडू आपले, हे त्याला ठाऊक नव्हतं. अंदाजानं सांगितलेलं तिला चाललं नसतं.

वर्षभर कप चमच्यांच्या कपाटावर राहिला. मग त्यानं तो पुसून, गवतात गुंडाळून बोटीनं परत पाठवला. सेक्रेटरीचं विचारणारं पत्र आलं, मग थॉर्नबरीचं आलं. नाव आम्हीच कोरून घेऊ का, असं दोघांचं म्हणणं. विल्फनं कळवलं, थांबा, मला अजून ठरवता येत नाही.

सँडबर्नच्या कपावर त्या सालची जागा अजून कोरी आहे, आणि नेलला पाचवा सेट सांगायचा राहिला आहे.