माझ्यापर्यंत न आलेलं गाणं

मित्रांनो, आरमोरीच्या बाजारगल्लीत एका घराची मागची खोली आहे. तिथे धानाच्या रिकाम्या पोत्यांना टेकून मी बसलेला असतो. मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझा पांढरा रंग पार पिवळा पडला, पंख्याच्या जाळीत कोळ्याने घर केलं आणि माझा पडदा तर केव्हाच भंगारवाल्याच्या गाडीवर गेला. आता काही दाखवता येत नाही, म्हणून सांगतो.

नागपूरच्या एका दुकानात, टेबलावर पसरलेले सुटे भाग पेचकसाने जोडून मला तयार केलं गेलं. माझ्या पोटात एक खास पट्टी बसवली होती. तिला कॅप्चर कार्ड म्हणत. कॅमेऱ्यात कॅसेट सुरू करायची, कॅमेऱ्याच्या तीन वायरी माझ्या पाठीत खोचायच्या आणि प्रोग्राममधलं लाल गोल बटण दाबायचं, की कॅसेटमधलं सगळं माझ्यात उतरू लागे. पिवळ्या वायरीतून चित्र येई. लाल आणि पांढऱ्या वायरीतून आवाज येई. तासाभराची कॅसेट उतरवायला तासभरच लागायचा. या कामात घाई चालत नसे.

मला विकत घेतलं कुलदीप मेश्राम या व्हिडिओवाल्याने. एस.टी.च्या प्रवासात त्याने मला चादरीत गुंडाळून मांडीवर धरलं होतं. खड्डा आला की तो स्वतः उचलला जाई, पण मला धक्का लागू देत नसे. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. गावात असं यंत्र नवीनच होतं. कुलदीप लग्नं, नामकरणं, झाडीपट्टीतली नाटकं कॅमेऱ्यात भरून आणी आणि माझ्यात उतरवून त्यांची सीडी बनवी. सीडीच्या सुरुवातीला गुलाबाची फुलं गरगरत येत आणि त्यांतून नवरा-नवरी उमलत. ते बघायला लोक दुकानाच्या दारात गर्दी करत. कुलदीपची बायको माधवी रोज माझ्यावर तिच्या जुन्या साडीचा तुकडा पांघरत असे. मला तेव्हा वाटायचं, या पंचक्रोशीतला आनंद माझ्याच पोटात साठला आहे.

एका उन्हाळ्यात दुकानात इस्तारीभाऊ आले. जवळच्या तलावाकाठच्या गावातले ते मासेमार. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू विझली होती. त्यांची मुलगी जया त्यांना हाताला धरून घेऊन आली होती. तिचंच लग्न ठरलं होतं, कुरखेड्याकडच्या मुलाशी.

"कुलदीपभाऊ," ते म्हणाले, "मले चित्राचं काई काम नाई. मले दिसतच नाई. पन हळदीले गोकुळा गाते. तिचा आवाज तेवढा नीट घेजो."

गोकुळाबाई म्हणजे त्यांची बायको. आसपासच्या गावांत कुणाच्याही घरी हळद असली की तिला गाण्यासाठी बोलावणं जाई.

"काई कमी नाई पडू देत, इस्तारीभाऊ," कुलदीप म्हणाला, आणि तो ते मनापासूनच म्हणाला होता.

लग्न झालं. कुलदीप कॅसेटी घेऊन आला. पहिली कॅसेट हळदीची होती. आदल्या दिवशी एका गिऱ्हाईकाला काही दाखवण्यासाठी त्याने लाल आणि पांढरी वायर माझ्या पाठीतून काढून दुकानातल्या टीव्हीत लावली होती. त्या दोन्ही तशाच राहिल्या. त्याने कॅसेट सुरू केली, प्रोग्राममधलं लाल बटण दाबलं आणि तो दुसऱ्या लग्नाचे फोटो कापत बसला.

गोकुळाबाईचं गाणं दुकानभर भरून गेलं. आत तांदूळ निवडणाऱ्या माधवीचे हात थांबले. ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"काय गळा आहे हो या बाईचा," ती म्हणाली.

"म्हनूनच तं नीट घेऊन राह्यलो," कुलदीप मान वर न करता म्हणाला.

मित्रांनो, ते गाणं टीव्हीतून येत होतं. त्याने ऐकलं, तिने ऐकलं, रस्त्यावरून जाणाऱ्यांनी ऐकलं. माझ्यापर्यंत मात्र ते आलंच नाही. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात आवाजाची एक हिरवी पट्टी असे. आवाज आला की ती वर-खाली नाचे. त्या दिवशी ती तळाशी मेल्यासारखी पडून होती. पण तिच्याकडे कोण बघणार? चित्र सुरळीत येत होतं आणि आवाज कानांवर पडतच होता. मीही शहाण्यासारखी ती शांतता इमानेइतबारे साठवून घेतली आणि शेवटी "काम पूर्ण झाले" असं लिहून दाखवलं. ते माझं वाक्य मला अजून बोचतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक लग्न होतं. कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या. एकदा माझ्यात उतरवलेली कॅसेट पुन्हा वापरायची, ही कुलदीपची नेहमीची रीत. त्याने हळदीची कॅसेट उचलली आणि तिच्यावर दुसऱ्याचं लग्न भरलं.

हंगामाच्या धांदलीत इस्तारीभाऊंची सीडी मागे पडली. मग पाऊस लागला, धानाची रोवणी आली, त्यांच्याकडूनही कुणी विचारायला आलं नाही. पोळ्याच्या सुमारास कुलदीपला बाजारात कळलं की गोकुळाबाई तापाने गेली. हिवताप डोक्यात चढला आणि दवाखान्यात नेईपर्यंतही तिने तग धरला नाही.

तो घाईने दुकानात आला आणि मला सुरू केलं. हळदीची फाईल उघडली. गोकुळाबाई मांडवात बायकांच्या मधोमध बसली होती. तिने पदर सावरला, मान जरा वर केली आणि तोंड उघडलं. माझ्या स्पीकरमधून काहीच आलं नाही.

कुलदीपने आवाज वाढवला. दुसरी फाईल लावून पाहिली, तिच्यात बँड धडधडत होता. पुन्हा हळद लावली. तीच शांतता. मग त्याची नजर टीव्हीच्या पाठीकडे गेली. त्या दिवशी तिथे राहिलेल्या आणि पुढच्या कामाला त्याने सवयीने परत माझ्यात खोचलेल्या वायरी त्याला आठवल्या, आणि नजर त्याच्या हातांवर आली. त्याने कपाटातली ती कॅसेट काढून लावली. त्यातून भलताच नवरदेव घोड्यावरून हसत येत होता.

त्या वेळी तो उठून तलावाकाठी गेला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माणूस घाबरला की हाताला येईल ते करतो. त्याने फाईलींमधून एक सिनेमाचं गाणं निवडलं आणि गोकुळाबाईच्या हलणाऱ्या ओठांवर ते पसरलं. सगळ्याच सीड्यांत गाणी घालतात, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

आई गेल्यावर जया माहेरी आलेली होती. चार दिवसांनी ती इस्तारीभाऊंना घेऊन दुकानात आली. त्यांना स्टूल दिलं. सगळे पडद्याकडे तोंड करून बसतात. ते स्पीकरकडे कान करून बसले. सिनेमाचं गाणं सुरू झालं. ते मान हलवत, हसऱ्या चेहऱ्याने थांबून राहिले.

"हे सुरुवातीचं होय का?" त्यांनी विचारलं.

"हो," कुलदीप म्हणाला.

"मंग गोकुळा कवा येते?"

त्या क्षणी माझ्या पडद्यावर गोकुळाबाई गातच होती. जया आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. ती हळूच म्हणाली, "दादा, आई तं गाऊन राह्यली. तिचा आवाज कुठी आहे?"

कुलदीपने माझा माऊस घट्ट धरला. "त्या दिवशी माईक बिघडला होता," तो म्हणाला. "कॅसेटमधी आवाज आलाच नाई."

इस्तारीभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते हळूहळू उतरलं. "मशीनच ते," ते म्हणाले. "बिघडते."

ते उठले. जयाने हात धरला. दारापाशी पोचल्यावर ते मागे न वळता म्हणाले, "कुलदीपभाऊ, हळदीले गोकुळेचं गानं झाल्यावर तू मले खांबाजवळ बसवलं होतं. कॅसेट मांगं फिरवून ते कानाले लावाचं देलं होतं. म्या आयकलं तवा. साफ येत होता आवाज." मग पायरी चाचपत म्हणाले, "असन. त्याच्यानंतर बिघडला असन."

ते गेले. सीडी टेबलावरच राहिली.

त्यानंतर कुलदीप माझ्यासमोर बसे, पण कामात त्याचं लक्ष नसे. वायरी काढून पुन्हा लावी. हिरवी पट्टी नाचत असली तरी उठून परत वायरींना हात लावून बघे. जेवताना माधवीने काय झालं म्हणून विचारलं की ताट बाजूला सरकवी. एक दिवस त्याने तिला सगळं सांगून टाकलं.

"मी त्या दिवशी इथी उंबऱ्यावर उभी राहून आयकलं," माधवी म्हणाली. "माह्या कानानं. तुमी त्या मानसाले आंधळा समजले तं समजले, बहिरा पन समजले का?"

सकाळी कुलदीप सायकल काढून तलावाकडे गेला.

तिथे काय झालं ते त्याने परतल्यावर माधवीला सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे. इस्तारीभाऊ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून बोटांनी चाचपत जाळ्याच्या गाठी मारत होते. जया जवळच होती. कुलदीप उभ्यानेच बोलला. "माईक नाई बिघडला होता, इस्तारीभाऊ. वायर म्या दुसरीकडं लावून ठेवली होती. अन् न पाहता त्या कॅसेटवर दुसरं लगन भरलं. मंग तुमच्यासमोर खोटं बोललो."

इस्तारीभाऊंनी हातातली गाठ पुरी केली. "वायर चुकते," ते म्हणाले. "माह्या हातून भरलेलं जाळं सुटलं आहे. घरी येऊन सुटलं म्हनून सांगितलं. तू माईक काऊन सांगितला?"

जयाने मग विचारलं, "दादा, आईचं चित्र आहे ना अजून? मले तिची सारी गानी येतेत. तिच्या तोंडाकडं पाहून म्हनलं तं जमन का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी जया आणि इस्तारीभाऊ दुकानात आले. कुलदीपने सिनेमाचं गाणं पुसून टाकलं. माईक माझ्या पाठीत खोचला, जयाला बोलायला लावून हिरवी पट्टी हलते का ते पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. दुकानाचं दार लोटून घेतलं. माझ्या पडद्यावर गोकुळाबाईने पदर सावरला आणि जया गाऊ लागली.

पहिल्यांदा ती आईच्या पुढे धावली. नंतर मागे पडली. मध्येच ती थांबली आणि माधवीने तिला पाणी आणून दिलं. एकदा वीजच गेली आणि सगळे अंधाऱ्या दुकानात ती यायची वाट बघत बसले. वीज आल्यावर जयाने खुर्ची पुढे ओढली. तिचं नाक जवळजवळ माझ्या काचेला लागलं. आता ती गात होती, पण स्वतःच्या तालाने नाही. पडद्यावरचे ओठ उघडले की तिचे उघडत. ते मिटले की तिचे मिटत. माझी हिरवी पट्टी नाचत होती. ते गाणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

कुलदीपने ते इस्तारीभाऊंना ऐकवलं. ते कान देऊन बसले होते.

"हे जया होय," ते म्हणाले.

"हो, बा," जया म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

गाणं पुढे चाललं होतं. अचानक त्यांनी हात वर केला. "थांब. जरासं मांगं घे."

कुलदीपने मागे घेतलं. ओळ सुरू झाली, ऐन मध्यावर तुटली, एका श्वासापुरती गप्प झाली आणि पुढे गेली.

"इथी गोकुळा दम घेत होती," इस्तारीभाऊ म्हणाले. "ओळ पुरी व्हायच्या आंधीच. म्या तिले नेहमी म्हनत होतो, पुरी ओळ म्हनून मंग दम घे. आयकतच नव्हती."

"मले तं इथी दमच लागत नाई, बा," जया म्हणाली. "आईचं तोंड मिटलं म्हनून मी थांबली."

इस्तारीभाऊंनी स्टूल स्पीकरजवळ ओढलं. मग म्हणाले, "तेवढं अजून एक डाव लाव." कुलदीपने लावलं. त्यांनी पुन्हा मागितलं. गाण्याचं त्यांना तेव्हा काही नव्हतं. ते त्या रिकाम्या जागेला कान लावून बसले होते.

निघताना पायरी उतरण्यासाठी कुलदीपने हात पुढे केला. इस्तारीभाऊंनी तो धरला आणि खाली उतरल्यावर सोडला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. कुलदीपनेही माफी मागितली नाही.

पुढे लहान कॅमेरे आले, कॅसेटीऐवजी कार्डं आली, मग लोकांच्या खिशातच कॅमेरे आले. दुकानात नवं यंत्र आलं आणि मला इथे आणून ठेवलं. माझ्या डिस्कवर अजून दोन फाईली आहेत. एकीत जया गाते. दुसरीत गोकुळाबाई गाते आणि काहीच ऐकू येत नाही. जागा कमी पडली तेव्हा कुलदीपने माझ्यातलं कितीतरी पुसलं. पण ती मुकी फाईल पुसायला त्याचं बोट कधी धजलं नाही.

मित्रांनो, तुमच्या हातातली यंत्रं माझ्यापेक्षा फार हुशार आहेत. तीही "काम पूर्ण झाले" असं सांगतील. तेवढ्यावर विसंबू नका. जुनं पुसण्याआधी नवं एकदा शेवटपर्यंत बघा आणि कान देऊन ऐका. आणि तरीही कुणाचं काही तुमच्या हातून हरवलंच, तर दोष माईकवर ढकलू नका. ज्याचं हरवलं त्याच्या दारी त्याच दिवशी जा.