प्रयोगशाळेसाठी वेचलेले मासे

माशाच्या कानात एक खडा असतो. तांदळाच्या कणीएवढा, पांढुरका, दिसायला अगदी क्षुल्लक. परंतु सृष्टीने त्यात केवढे निगुतीचे काम केले आहे, हे तो घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावाचून कळत नाही. वृक्षाच्या खोडात वर्षागणिक वलय उमटते, तसेच या खड्यातही उमटते. आणि ज्याला ती वलये वाचता येतात, त्याला माशाचे वय कळते.

मासेमारीची नौका हाकणाऱ्या तांडेलांच्या सुनेला ती वाचता येत होती. बंदरावरील मत्स्य-प्रयोगशाळेत ती संशोधिका होती, आणि त्या दिवशी एकेक खडा पाहताना तिचे मन खचत चालले होते. उपसागरातील रुपेरी माशांचे जे नमुने नौकांकडून आले होते, त्यांत सारे मासे वयस्क होते. तरुण एकही नव्हता. ज्या घरात पाळणाच हलत नाही, त्या घराचे पुढे काय व्हायचे? दुसऱ्या दिवशी दुपारी नियामक समिती तिचा अहवाल ऐकून मासेमारीचा वर्षाचा कोटा ठरवणार होती. या खड्यांचा अर्थ एकच निघत होता: उपसागर बंद करावा. आणि उपसागर बंद म्हणजे तिच्या सासऱ्यांची नौका किनाऱ्याला, कदाचित कायमचीच. कारण त्यांच्या वयात परके पाणी शिकणारा तांडेल कुणी पाहिला नव्हता.

ही वार्ता त्यांना परक्या तोंडून कळू नये, म्हणून ती धक्क्यावर गेली. नौका नुकतीच लागली होती. सासूबाई ओल्या फरशीवर बसून मासे निवडत होत्या, आणि इंजिन सांभाळणारा गडी, ज्याला सारे बंदर ‘भोंगा’ म्हणत असे, त्यांच्यापुढे टोपली धरून उभा होता. शेजारी बर्फाने भरलेली पांढरी पेटी होती.

“हा नको, ह्याचं शेपूट कुरतडलंय,” सासूबाई म्हणाल्या. “तो दे. तो, अंगानं भरलेला.”

“काकू, एवढा मोठा विकला असता की.”

“तुझ्या घरी पाहुणा आला की तू त्याला करपलेलं वाढतोस का?”

सून थबकली. “आई, ही पेटी कुणाची?”

“तुमच्या प्रयोगशाळेची. आणखी कुणाची?”

“पण तुम्ही तर निवडून भरताय.”

“मग? नेहमी निवडूनच देतो. पलीकडच्या बोटीवाली परवा मिरवत होती, आमचा मासा पेटीत मावेना म्हणून. आमच्याच सुनेच्या पुढ्यात आम्ही गाळसाळ टाकायची?”

सून तेथेच खोक्यावर बसली. संशोधनाची नौका या वर्षी दुरुस्तीला गेल्यामुळे प्रयोगशाळेची सारी भिस्त या पेट्यांवर होती. आणि अवघ्या बंदराने केवळ आदरापोटी, परस्परांशी चढाओढ करीत, तिच्यापुढे समुद्रातले ज्येष्ठ तेवढे वेचून ठेवले होते.

“आणि लहान मासे? ते येतात का जाळ्यात?”

भोंग्याने आयुष्यात प्रथमच आवाज खाली आणला. “वहिनी, हे तुम्ही विचारताय की मत्स्यखातं?” कारण ठरावीक लांबीहून लहान मासा धरणे हा गुन्हा होता.

“मी विचारतेय. पण खातंही ऐकेल.”

वरून, नौकेच्या कठड्याला टेकलेले तांडेल बोलले. “एखाददुसरा अडकतो, तो आम्ही परत सोडतो. बाकीचे असलेच तर जाळ्याच्या भोकांतून निघून जातात. असतील, नसतील. खोटं सांगणार नाही, सूनबाई.”

म्हणजे लहान मासे असूही शकत होते. परंतु आशा म्हणजे पुरावा नव्हे. प्रयोगशाळेत बारीक छिद्रांचे एक जाळे होते, केवळ संशोधनासाठी राखलेले. ती तशीच धावत मत्स्य-अधिकाऱ्यांच्या खोलीत शिरली.

“बोट तुमच्या सासऱ्यांची,” सारे ऐकून ते म्हणाले. “लोक बोलणार.”

“म्हणूनच तुम्ही सोबत या, साहेब. जाळं कुठे टाकायचं ते तुम्ही ठरवा. नमुनाही तुम्हीच उचला, डोळे मिटून.”

“मला बोट लागते हो.”

“समुद्र आज शांत आहे.”

“तो आधी तसंच दाखवतो,” असे पुटपुटत त्यांनी परवानगीवर सही केली आणि टोपी उचलली.

त्यांनी नकाशावर दाखवलेल्या पहिल्या जागी जाळे रिकामे आले. दुसरी जागा खडकाआडचा डोह होती; तांडेलांच्या वडिलांपासूनची हक्काची जागा. साहेबांचा चेहरा एव्हाना लिंबासारखा झाला होता. दोर ताणला गेला, चाक कण्हू लागले, आणि कोठून कोण जाणे, पक्ष्यांचा थवा डोक्यावर घिरट्या घालू लागला. जाळे पाण्याबाहेर आले ते थरथरतच. भोंग्याने तळाची गाठ सोडली, आणि बोटाएवढ्या माशांची रुपेरी धार फळ्यांवरून खळाळत सर्वांच्या पायांपर्यंत आली.

आयुष्यभर लहान मासा पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या तांडेलांनी डोक्यावरचे फडके काढले. “पोरं आहेत,” ते हलकेच म्हणाले. “मला वाटलं, आपल्यासारखे म्हातारेच उरलेत.”

“साहेब, डोळे मिटा,” सून म्हणाली. साहेबांनी डोळे मिटून बादली भरली. उरलेले सारे त्वरेने पाण्यात सोडले. आणखी तीन-चार जागी जाळे पडले. कुठे थोडे लाभले, कुठे काहीच नाही. पण परतताना साहेबच सर्वांत अधिक बोलत होते, आणि बोट लागल्याचे त्यांच्या ध्यानातही नव्हते.

प्रयोगशाळेत येताच तिने पहिला खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एकच वलय, कोवळे, स्वच्छ. दुसऱ्यातही एकच.

समितीने दुसऱ्या दिवशी उपसागर खुला ठेवला. कोटा मात्र निम्मा, आणि खडकाआडचा डोह मासे वाढेपर्यंत पूर्ण वर्ज्य. सुनेने हे धक्क्यावर येऊन सांगितले.

“म्हणजे बोट चालणार,” तांडेल म्हणाले, “पण माझ्या डोहात नाही.”

“नाही, मामंजी. ती शिफारस माझीच आहे.”

त्यांनी डोहाच्या दिशेने पाहिले. “पोरं निजलेल्या खोलीत पाय वाजवू नये,” ते म्हणाले, आणि दोर गुंडाळू लागले.

पुढल्या खेपेला पांढरी पेटी पुन्हा सासूबाईंपुढे आली. त्यांनी मान वळवली, डोळे गच्च मिटले आणि टोपलीतून हाताला येतील ते मासे पेटीत टाकले. वरच कुरतडल्या शेपटीचा एक मासा पडला. त्यांचा हात नकळत त्याच्याकडे गेला.

“काकू,” भोंगा गरजला.

हात मागे आला. “राहू दे बाई,” त्या पेटीचे झाकण लावीत म्हणाल्या, “पण त्या पलीकडच्या बोटीवालीला दाखवू नकोस.”