रिकाम्या मशीनचा आवाज

घरी आलेल्या माणसाशी कसं वागावं हे माझ्या मुलाला मी शिकवलं नाही असं नाही. तरी दीड महिन्यात त्याने तीन शिकवणीवाले दारातून परत पाठवले. पहिल्याला घामही पुसू दिला नाही. दुसऱ्याला चहा तरी मिळाला. तिसरा म्हातारा, काठी टेकत दोन जिने चढून आलेला. त्याला हा म्हणतो, "कळवतो." याचं कळवणं मला चांगलं माहीत आहे. तीन महिने झाले, गळक्या नळाचंही तो कळवतोच आहे.

इकडे नात पाचवीत, आणि गणितात दोनदा नापास. शाळेने कागदावर लिहून दिलं होतं: वार्षिक परीक्षेत हेच झालं तर पुन्हा त्याच वर्गात बसावं लागेल. अडीच महिने उरले होते. आणि हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, रोज संध्याकाळी ग्रीसच्या हातांनी तिला भागाकार शिकवायला बसायचा. त्याचा स्वतःचाच चुकायचा. मग बापलेक वहीकडे बघत राहायची, एकाच सायकलवरून पडल्यासारखी. सून काही बोलत नसे. ती भांडी आपटायची. मला त्यातलं अक्षर अन् अक्षर समजायचं.

मी स्वतः दोन इयत्ता शिकले. पण गुडघे जाईपर्यंत लाँड्री चालवली आणि कोणाचा रुमालसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. माणूस मला एका नजरेत कळतो, असं मी ज्याला त्याला सांगत आले. म्हणून रविवारी चौथ्या शिकवणीवाल्या बाई मीच बोलावल्या. माझ्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेल्या. इस्त्री हलकी हवी म्हणायच्या, त्यापलीकडे मला त्यांची माहिती नव्हती.

बाई आल्या, बसल्या, चष्मा पुसला. नातीला म्हणाल्या, "तुला काय येतं ते सांग. काय येत नाही ते तुझ्या आजीने मला फोनवर दोनदा सांगितलंय."

नात माझ्याकडे बघून म्हणाली, "मला मजले येतात. बाबा लिफ्टचं काम करतात ना. उलटे पण येतात."

"मग नवव्यावरून उतर बरं. मधला एकेक मजला गाळत."

"नऊ, सात, पाच, तीन, एक." ती थांबली. "खाली पार्किंग."

बाई हसल्या. मीही हसले असते, पण माझा मुलगा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता.

"तिचं उत्तर चुकलं तर तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"परत सांगते."

"परत चुकलं तर?"

"मग जरा वेळ आम्ही दोघी खिडकीतून बाहेर बघतो. मलाही कंटाळा येतो हो."

तो त्यांच्या हातांकडे बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आधीच्या तिघांच्याही तोंडाकडे त्याने बघितलं नव्हतं. हातांकडेच बघितलं होतं.

"कळवतो," तो म्हणाला.

नात बाईंना सोडायला खाली गेली. दार लागायच्या आत मी सुरू केलं. "बाईंच्यात काय खोट काढलीस? दात मोजायचे राहिले का?"

"बाई चांगल्या आहेत."

"मग?"

"दार लावल्यावर माणूस कसा असतो ते आपल्याला कळत नाही, आई."

"मी असते ना घरात. मेले का मी?"

"माझ्या शिकवणीलाही तू दाराबाहेरच होतीस."

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मी भांडले असते. भांडणात मी हरत नाही.

तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याचे वडील नुकतेच गेलेले, आणि हा गणितात मागे. मी चौकशी करून सगळ्यांत कडक मास्तर आणला. त्याला सांगितलं, "मला निकाल हवा. कसा आणता ते मी विचारणार नाही." लाँड्रीच्या मागच्या खोलीत शिकवणी चालायची. पहिल्याच आठवड्यात आतून आवाज आला. मी इस्त्री उभी केली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. येता येता धुलाईचं मोठं मशीन चालू केलं. ते फिरायला लागलं की मागचं काही ऐकू येत नसे. मग रोज पाचच्या ठोक्याला मी ते चालू करू लागले. एकदा मास्तर बाहेर येऊन म्हणाला, लाकडी हँगर मोडला. मी खुंटीवरचा दुसरा काढून दिला. पोरगा पास झाला. मी चार जणींना मास्तरचा पत्ता दिला. पुढे दोन वर्षांनी याने आपणहून शाळा सोडली, तेव्हा मी त्यालाच नतद्रष्ट म्हटलं.

"मला काही ऐकू येत नव्हतं," मी म्हणाले. "मशीन चालू असायचं. कपड्यांचे ढीग पडलेले असायचे."

तो नखातलं काळं काढत होता. "मशीन रिकामं असायचं, आई. आत कपडे असले की ते धपधप करतं. रिकामं नुसतं घरघरतं. लाँड्रीतच वाढलो मी, एवढं कळायचं." मग म्हणाला, "पहिल्या दिवशी वाटलं, तू कपडे टाकायला विसरलीस."

मी खिडकीशी गेले. बाई अजून फाटकाजवळच होत्या. नात हातवारे करून त्यांना काहीतरी सांगत होती आणि त्या पिशवी खाली ठेवून ऐकत होत्या.

मी त्याच्याकडे वळले.

"पोराला जपायचं काम तू माझ्यापेक्षा चांगलं करतोस," मी म्हणाले. "पण आज चुकतो आहेस. पोरीचं वर्ष गेलं तर ते तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे जाईल, आणि ते मला बघायचं नाही. खाली जा, बाईंना बोलाव. शिकवणीला दार उघडं ठेव, आणि लागलं तर कामाची पाळी बदलून दाराशी तू बस. मला बसवू नकोस. मी भरवशाची नाही."