पोटरीवरचा वळ

युद्ध संपून चार वर्षं झाली, तरी गारमायची युद्धाची गोष्ट काही संपत नव्हती. लायबेरियातल्या त्या गावात ती सगळ्यांना पाठ होती. युद्धाच्या सुरुवातीलाच, सतरा वर्षांपूर्वी, शेजाऱ्याची आईविना पोर, पाच वर्षांची लोरपू, पाठीला बांधून नदी कशी ओलांडली, रानातले कंद खाऊन महिना कसा काढला. मात्र गोष्ट सुरू व्हायची ती नदीपासून. त्याआधीच्या बंदूकवाल्यांच्या नाक्याबद्दल गारमायने कधी ब्र काढला नव्हता.

आज युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या बाई जबानी लिहून घ्यायला आल्या होत्या. गारमायनेच वाढवलेली, आता बावीस वर्षांची लोरपू चुलीपाशी बसली होती. दोघी आजही एकाच थाळीत जेवायच्या. शेजारणी हसायच्या, "एवढी घोडी झाली, अजून आईच्या ताटात!"

"नाक्यापासून सांगा, मावशी," बाई म्हणाल्या.

गारमायने हात झटकला. "त्यात काय सांगायचं? अडवलं, सोडलं."

"आणि माझा बाप?" लोरपू म्हणाली. "बाजारात मला अजून फौजेतल्या शिपायाची पोर म्हणतात. त्यानं किती माणसं मारली ते तरी सांग. ऐकून घेईन मी."

जो माणूस कोंबडीसुद्धा गारमायकडून कापून न्यायचा, त्याच्या नावावर मुडदे! खरं बोलावं तर पोर हातची जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी तिला गप्प बसवेना.

"तुझा बाप केरकुला शिपाई नव्हता गं. रबराच्या मळ्यात चीक काढायचा. गमबूट घालून घालून पोटऱ्यांवर वळ पडले होते. नाक्यावर बंदूकवाले सगळ्यांचे पाय बघत होते. वळ दिसला की फौजी बुटाचा, म्हणजे शिपाई. तो म्हणाला, मी मळ्यातला. त्यांनी रांगेला विचारलं, 'कोण ओळखतं याला?'"

"मग?"

"त्याआधी एका बाईनं भावाची ओळख दिली, तर तिलाही बाजूला काढून गोळी घातली होती. मी मान खाली घातली. तुझा हात माझ्या हातात होता. त्यानं ते बघितलं, आणि माझं नाव घेतलं नाही. त्यालाही बाजूला नेलं."

"पोरीसाठी गप्प बसलात," बाई हळूच म्हणाल्या.

"नाही हो. जिवाला भ्याले. पोरीचं निमित्त मी मागाहून शोधलं."

लोरपू उठून बाईंच्या वहीपाशी आली. मग म्हणाली, "लिहा बाई. केरकुला, रबराचा चीक काढायचा." लिहिलेलं तिने दोनदा वाचून घेतलं.

बाई गेल्या. लोरपूने भात उतरवला. गारमाय सवयीने थाळीपाशी सरकली. लोरपूने तिला भात वाढला, कसाव्याच्या पाल्याचं कालवण घातलं, माशाचा मोठा तुकडा नेहमीसारखा तिच्याच बाजूला ठेवला. मग फळीवरून दुसरी थाळी काढली, आपला भात घेतला आणि बाहेर जाऊन बसली.