अक्कांचा चौविहार आणि साडेसहाची घंटी

असोद्याची बेबाबाई कीर्तनाची मोठी वेडी. गावात सप्ताह बसला की चित्त टाळमृदंगाकडे; पण पाय रोज जळगावच्या बसकडे वळवावे लागत, कारण दाणा बाजारातल्या अभयकुमार शेठच्या आईला सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. आईचं नाव गुलाबबाई. राजस्थानातून आलेलं जैन घराणं, पण जळगावात पिढ्या गेल्यामुळे घरात मारवाडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली. गुलाबबाईंची पंचाहत्तरी उलटलेली, साखरेचा आजार जुना, नजर अधू आणि जीभ मात्र अजून धारेची.

"बेबा, डब्यात काय आणलंस आज?"

"भरीत, अक्का."

"मग डबा बाहेर जिन्यावर ठेव. कांद्याचा वास माळेच्या मण्यात शिरतो माझ्या."

"वास घ्यायचा नाही असा बी नेम हाये का तुमच्यात?"

"नेम नाही. पण मोह होतो ना," म्हणत गुलाबबाई हसायच्या. दोघींचं असं छान जमलं होतं.

आषाढात अभयकुमारने घरी एक मशीन आणलं. शाळेतल्या पाटीएवढं, काचेचं. बोटातला रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला की मशीन साखरेचा आकडा वाचायचं, मराठीत एकदोन प्रश्न विचारायचं आणि मग सांगायचं: इन्सुलिन किती द्यायचं, द्यायचं की थांबायचं. हिरवा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे लगेच हातपाय हलवा. मशीन देणाऱ्या केंद्राचा माणूस बसवायला आला तेव्हा त्याने नीट समजावलं होतं. हे मशीन स्वतःचं डोकं चालवत नाही. डॉक्टरांनी नियम ठरवून दिलेत, असं असेल तर असं करा; ते नियम हे पाळतं, एवढंच. मग त्याने विचारलं, "आजी संध्याकाळी किती वाजता जेवतात?" अभयकुमारने घड्याळाकडे बघितलं आणि सांगितलं, "साडेसहा झाले की बसतात." त्याने साडेसहाची घंटी लावून दिली.

"बेबाबाई," अभयकुमार म्हणाला, "हे सांगेल ते करायचं. आपलं काही मधे घालायचं नाही."

"नाही घालनार, भाऊ." बेबाबाईला ते आवडलंच. मशीन शेठला एक आणि बाईला एक असं सांगत नव्हतं.

गुलाबबाईंचा चौविहार होता. दिवस मावळला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, तो थेट दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत. लग्न होऊन आल्यापासून हा नेम कधी मोडला नव्हता. संध्याकाळचं जेवण उरकलं की त्या गच्चीच्या दाराशी पाट टाकून बसायच्या, हात जोडून पच्चखाण म्हणायच्या. पच्चखाण म्हणजे त्या नेमाचा संकल्प. बोल जुन्या भाषेतले. बेबाबाईला अर्थ कळत नसे, पण कीर्तन ऐकून ऐकून तिचा कान तयार झालेला. महिनाभरात चाल तिच्या ओठावर बसली. शेवटी एक लांबलचक शब्द यायचा, तो तिला फार आवडायचा.

"अक्का, त्या शेवटाले काय म्हनता तुम्ही?"

"ते आगार. म्हणजे सूट. नेम घेतानाच सांगून ठेवायचं, की चुकून तोंडात काही गेलं, मोठ्यांनी आज्ञा केली, तर नेम मोडला असं नाही."

"आन् तो लांब शब्द?"

"तो दुखण्याचा. जीव कासावीस झाला, मन ठिकाणावर राहीना, तर औषध घेता येतं." मग मशीनकडे मान वळवून त्या म्हणाल्या, "तुझ्या ह्या पाटीला आहे का एखादा आगार?"

"तिले फक्त हो आन् नाही समजते."

"मग तिच्यापेक्षा आमचे मुनी हुशार," गुलाबबाई म्हणाल्या, आणि विषय तिथेच राहिला.

दिवाळी गेली, थंडी पडली, आणि गुलाबबाईंच्या संध्याकाळी बिघडू लागल्या. बेबाबाई घंटी झाली की इन्सुलिन देऊन बस पकडायला जायची. पुढचं सगळं सून चेलनाच्या डोळ्यांदेखत घडायचं. घाम फुटायचा, हात थरथरायचे. एकदा तर गुलाबबाई न्हाणीच्या दारावर आपटल्या. मशीन लाल झालं, साखरपाणी द्या म्हणालं. चेलनाने घाबरून त्यांचं तोंड उघडलं आणि साखर कोंबली. शुद्ध नीट आल्यावर गुलाबबाई सुनेशी बोलेनात.

डॉक्टरांनी मशीनची नोंद पाहिली. इन्सुलिन रोज वेळेवर, जेवणाआधी, नियमाप्रमाणे. कुठे खोट दिसेना. म्हणाले, वय झालं, रात्री झोपताना काहीतरी खायला हवं.

"आई, आणखी एकदा लाल झालं की चौविहार बंद," अभयकुमारने सांगून टाकलं. "मी महाराजसाहेबांना विचारून घेईन."

गुलाबबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "त्यापेक्षा सुई बंद कर."

त्या आठवड्यात धुळ्याला चेलनाच्या माहेरी लग्न निघालं. नवराबायको सकाळीच गेली; परत यायला उशीर होणार, म्हणून बेबाबाईला रात्री थांबायला सांगितलं. नेमकं असोद्यात त्या दिवशी काल्याच्या आदल्या दिवसाचं कीर्तन. पण बेबाबाईला नाही म्हणवेना.

दिवस उतरू लागताच गुलाबबाई मुगाची डाळ आणि दोन फुलके खाऊन उठल्या. पच्चखाण झालं. अंधार पडला. मग साडेसहाची घंटी वाजली. बेबाबाईने पट्टी लावली; आकडा चांगलाच चढलेला. मशीनने विचारलं, जेवण नेहमीप्रमाणे? बेबाबाईने 'हो' दाबलं. नेहमीसारखंच तर जेवण झालं होतं. आकडा जास्त, म्हणून मशीनने इन्सुलिनही थोडं वाढवून सांगितलं. तिने तेवढं दिलं.

तिने बसल्या बसल्या मनातल्या मनात असोद्याचा मंडप उभा केला. आता महाराज उभे राहिले असतील, वीणा गळ्यात आली असेल. तेवढ्यात माळेचा आवाज थांबला. बघते तो गुलाबबाईंच्या कपाळावर घाम, तोही कडाक्याच्या थंडीत.

पट्टी लावली. लाल. 'रुग्णाला लगेच साखरपाणी द्या.' खाली दोन बटणं: दिले, दिले नाही.

बेबाबाईने उकळलेल्या पाण्याच्या तपेल्यातून पेला भरला, कारण न उकळलेलं पाणी गुलाबबाईंना दिवसाही चालत नसे. साखर ढवळली आणि पेला पुढे केला. गुलाबबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"अक्का, घ्या."

मान हलली. नाही.

"अक्का, लाल झालंय."

"दिले म्हणून दाब," गुलाबबाई जड जिभेने म्हणाल्या. "अभयला कळायला नको. नेम काढून घेईल माझा."

"खोटं बटन मी नाही दाबनार. रात्रीचं खानं पाप, मंग रात्रीचं खोटं चालते का तुमच्यात?"

गुलाबबाईंनी तोंड फिरवलं. हात थरथरत होते. माळ मांडीवरून घसरली. बेबाबाईने 'दिले नाही' दाबलं. मशीनने कारण विचारलं: रुग्ण बेशुद्ध, उलटी, साखर नाही, इतर. चौविहार त्यात कुठला असणार? तिने 'इतर' दाबलं. मशीन केंद्राला फोन लावू लागलं.

बेबाबाई पाटासमोर मांडी घालून बसली. तोंडात साखर कोंबायचं तिच्या मनात आलं. पण चेलनावरचा तो अबोला तिला आठवला, आणि ठसका लागून घास श्वासात गेला तर काय, हेही. तिने गुलाबबाईंचे दोन्ही हात धरून जोडले आणि त्यांचं पच्चखाण त्यांच्याच चालीत म्हणू लागली. उच्चार वेडेवाकडे होते, पण चाल पक्की. गुलाबबाईंचे ओठ आपोआप हलू लागले. इतक्या वर्षांची सवय. डोकं गुंगलं तरी जिभेला वाट माहीत. दोघी शेवटापर्यंत आल्या आणि गुलाबबाईंचा आवाज अडखळला. तो लांब शब्द बेबाबाईनेच पुरा केला.

"हा कशाचा, अक्का?"

"दुखण्याचा."

"कोनासाठी ठेवलाय?"

"आजारी माणसासाठी." मग म्हणाल्या, "मी नाही घेत सूट. मला नको."

"ज्यांनी नेम केला त्यांनीच तुमच्यासाठी दार उघडं ठेवलं. रोज तुम्ही हात जोडून ते दार दाखवता, आन् आज म्हनता मी नाही जात. म्हंजे तुम्ही त्यांच्यापरीस मोठ्या झाल्या का?"

गुलाबबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. बघणं रागाचं होतं. मग तोंड उघडलं.

पेला संपला. बेबाबाईने पदराने त्यांची हनुवटी पुसली. मशीन आधी लाल, मग पिवळं, आणि पुन्हा पट्टी लावली तेव्हा हिरवं झालं.

तोवर केंद्रातून फोन आलाच. पलीकडे रूपाली नावाची मुलगी होती, पारोळ्याची. "मावशी, लाल दिसलं इकडे. आजी बोलतायत ना?"

"बोलताय. मले शिव्या द्यायच्या बाकी हायेत फक्त."

रूपाली हसली आणि ठरलेले प्रश्न विचारू लागली. आजी आज काय जेवल्या, किती जेवल्या. "आणि किती वाजता?"

"दिवस मावळायच्या आधी."

"म्हणजे कधी, मावशी?"

"आता हिवाळा हाये, सव्वापाचलाच बसतात ना."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. "आणि इन्सुलिन?"

"घंटी झाल्यावर. साडेसहाले."

"मावशी, मशीनमध्ये जेवण साडेसहानंतर लिहिलंय. ते समजतं की आजी अजून उपाशी आहेत. जेवणानंतरची चढलेली साखर बघून ते आणखी इन्सुलिन सांगतं, आणि त्यावर जेवण येतच नाही."

बेबाबाई बोटांवर महिने मोजू लागली. आषाढात दिवस मोठा होता. घंटी आणि ताट एकाच वेळी यायचं. पुढे सूर्य रोज जरासा लवकर जाऊ लागला, त्याच्या मागे ताटही सरकलं, आणि घंटी तिथेच राहिली. रोज इतकं थोडं, की कोणाच्या ध्यानात आलं नाही. 'जेवण नेहमीप्रमाणे?' ह्याला तीच रोज 'हो' दाबत आली होती.

"माझीच चूक झाली, ताई."

"तुमची कशी? ते विचारायला आम्ही हवं होतं. मी आत्ताच डॉक्टरांना कळवते. सकाळपर्यंत तुम्ही काही बदलू नका, फक्त परत दोनदा तपासा."

अभयकुमार आणि चेलना आल्यावर बेबाबाईने सगळं सांगितलं, साखरपाण्यासकट. अभयकुमार खाली बसला. "साडेसहा मीच सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. चेलना सासूच्या पायाशी जाऊन बसली. गुलाबबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "जेवणात काय होतं गं लग्नात?"

डॉक्टरांनी नियम बदलून दिला. घंटी गेली. आता ताटावर बसताना बटण दाबायचं. मशीन तिथून मोजणार, सूर्य कधीही मावळो. इन्सुलिन कमी झालं, आणि दिवस असतानाच पेलाभर दूध वाढलं. चौविहार बंद करायचं कोणी पुन्हा बोललं नाही.

तरीही गुलाबबाईंच्या मनाला रुखरुख होती. महासतीजींकडे, म्हणजे त्यांच्या साध्वींकडे, जाऊन त्यांनी विचारलं. आगारात घेतलेल्याने नेम मोडत नाही, असं उत्तर मिळालं. गुलाबबाईंनी तरी एक माळ जास्त केली. साखरपाण्यासाठी नाही, बेबाला खोटं बटण दाबायला सांगितलं, त्यासाठी.

त्या संध्याकाळी सूर्य समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर टेकला होता. चेलनाने ताट आणलं.

"दाब," गुलाबबाई म्हणाल्या.

बेबाबाईने बटण दाबलं, पट्टी लावली, सुई दिली. मशीन हिरवं झालं. जेवण उरकून गुलाबबाई पाटावर बसल्या, आणि पच्चखाणाच्या शेवटी त्यांनी हाताने बेबाबाईला खूण केली. तो लांब शब्द दोघींनी मिळून म्हटला.

"उच्चार सुधार जरा," गुलाबबाई म्हणाल्या. "आणि पळ. तुझी बस जाईल."

बेबाबाईने जिन्यावरचा डबा उचलला. असोद्यात आज एकादशीचं कीर्तन होतं, आणि मृदंग लागायला अजून वेळ होता.