तेलकट डोक्यावरून घसरलेली टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. पण लग्नकार्यात मिरवणारी नव्हे. माझ्या अंगभर धातूच्या चकत्या आणि मागे वायरींची शेपटी. तान्ह्या बाळांचा मेंदू कसा चालतो, ते मी डोक्यावर बसल्या बसल्या यंत्राला कळवते. ऑकलंडमधल्या मुलांच्या एका दवाखान्यात माझी हयात गेली.

कारखान्यात मला गोल गरगरीत साच्यावर शिवलं. त्यामुळे जगातली सगळी डोकी गोलच, अशी माझी ठाम समजूत! नशिबी आली ती मात्र कुठं मागून चपटी, कुठं एका अंगाला कललेली. मी नाक मुरडायची आणि तंत्रज्ञ ब्रॉनवेन मला ओढूनताणून बसवायची.

एकदा लुपे आली, टोंगा बेटांवरून आलेल्या घरातली तान्ही पोर. कवटीची शिवण लवकर जुळल्यानं तिचं डोकं लांबट झालं होतं. शस्त्रक्रियेआधी तिचा मेंदू आवाजाला नीट प्रतिसाद देतो का, ते पाहायचं होतं. तिची आई ओफा काळजीनं अर्धी झाली होती.

मला चढवलं, तशी मी सर्रकन घसरून लुपेच्या नाकावर! डोकं खोबरेलानं निथळत होतं.

"तेल कुणी लावलं?" ब्रॉनवेननं विचारलं.

"मी!" आजी लेसिएली ताठ मानेनं म्हणाली. "डॉक्टरांपुढे नातीला कोरड्या डोक्यानं आणू? चारचौघांत आमची अब्रू जाईल."

"अहो आजी, तेलामुळे यंत्राला काही कळत नाही."

डोकं धुतलं. लुपेनं दवाखाना डोक्यावर घेतला. ब्रॉनवेन टॉवेल ठेवायला वळली, तेवढ्यात आजीनं पिशवीतून बाटली काढून पुन्हा तेल चोळलं.

"आई, पुरे!" ओफा रडकुंडीला आली. "हिच्या डोक्यात काय चाललंय ते कळेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही गं."

आजीचा चेहरा पडला. बाटली तिनं मुकाट्यानं ब्रॉनवेनच्या हाती दिली, स्वतःच नातीचं डोकं धुतलं आणि गुणगुणत तिला मांडीवर निजवलं.

या वेळी मीही नखरे केले नाहीत. जमेल तेवढी ताणले. कानाजवळ उसवले, तरी हूं की चूं केलं नाही. आवाज वाजत राहिले आणि पडद्यावरची रेघ हळूहळू वर चढली.

डॉक्टरांनी निरखून पाहिलं. "मेंदू व्यवस्थित दाद देतोय हो पोरीचा!"

ओफा हसता हसता रडायला लागली. मलाही फार बरं वाटलं.

मित्रांनो, उसवलेली मी आता खुंटीवर असते. मला टाके घाला, पुन्हा कामाला लावा. पण मी बसत नाही म्हणून कुणा बाळाच्या डोक्याला नावं ठेवू नका. ताणायचं ते टोपीनं.